आधी फाटक मोज

अगं, तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. गाडीत ओटा, ओट्याखाली फ्रिज, मागे दोघांचं अंथरूण, छपरावर सोलर पॅनल आणि दार सरकवलं की समोर समुद्र. माझाही जीव क्षणभर अडकला त्यात, खोटं कशाला बोलू! पण जावईबापूंनी बुकिंगचे पैसे भरायच्या आधी एक कर. हार्डवेअरच्या दुकानातून पाच मीटरचा स्टीलचा टेप आण, खाली जा आणि सोसायटीचं फाटक मोज. मग तुमची पार्किंगची जागा मोज. समुद्राबद्दल नंतर बोलू.

ताईने आल्या आल्या पाणी ओतलं असं समजू नकोस. गाडी घ्या, माझं आनंदाने हो आहे. पोरगी लहान आहे तोवरच ती तुमच्याबरोबर गाडीत झोपायला उड्या मारत येईल, आठवी-नववीत गेली की तिला तुमचं घोरणं नको असेल. फक्त एवढं ध्यानात घे की अशी गाडी वर्षातले मोजके दिवस फिरते आणि बाकीचे सगळे दिवस घराखाली उभी असते. व्हिडिओत तिचं फिरणं दाखवतात, उभं राहणं कोण दाखवणार? आपल्या नटवरनगरातलं, मजासवाडीतलं उभं राहणं तर मुळीच नाही.

आपल्या जोगेश्वरी पूर्वेच्या जुन्या सोसायट्या बांधल्या तेव्हा गाडी म्हणजे फिएट, आणि तीसुद्धा नंबर लावून वाट बघितल्यावर मिळायची. त्या फिएटची, म्हणजे प्रीमियर पद्मिनीची, अंगकाठी दीड मीटरच्या आतली. इमारतीखालच्या स्टिल्टमधले खांब किती अंतरावर घ्यायचे हे ठरवताना डोळ्यांपुढे तीच असणार. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीच्या कामातून बाद झाली. फिएट गेली, खांब राहिले. आता त्याच खांबांमध्ये १७९० मिलिमीटर रुंदीची क्रेटा घुसवतात आणि सकाळी सकाळी वॉचमनला हाका मारतात, "भैया, जरा पीछे देखना."

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत एका मोटारीची जागा अडीच बाय साडेपाच मीटर धरलेली आहे, आणि त्यातल्या काही जागा २.३ बाय ४.५ मीटरच्याही चालतात. तुमची ती दुसरीच आहे, मी पैजेवर सांगते. तुमच्याकडे आले की मी त्या खांबाला खेटूनच लिफ्टकडे जाते. फूट-इंचांत सांगायचं तर साडेसात फूट रुंद आणि पावणेपंधरा फूट लांब.

आता या जागेत मारुती इको उभी कर. रुंदी १४७५ मिलिमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच. लांबी ३६७५, म्हणजे बारा फूट. गंमत बघ, रुंदीतही ८२५ मिलिमीटर उरतात आणि लांबीतही नेमके तेवढेच. डावीकडे भिंतीपासून पंधरा सेंटिमीटर ठेवले तर ड्रायव्हरच्या बाजूला सदुसष्ट उरतात. पोट आत न घेता उतरता येतं. त्याच जागेत इनोव्हा क्रिस्टा लावून बघ. रुंदी १८३०, लांबी ४७३५. नाक वीतभर बाहेर, आणि भिंतीचे पंधरा सोडले की उतरायला उरतात बत्तीस सेंटिमीटर. त्यातून जावईबापू उतरून दाखवोत, मी त्यांना पुरणपोळीचं जेवण घालते. व्हिडिओतली जी आहे ती फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली दिसते. पाच मीटरच्या पुढे लांब आणि अडीच मीटरच्या घरात उंच. तुमच्या स्टिल्टखाली ती वाकूनही शिरणार नाही. तिचा विषय इथेच संपला.

मधल्या गाड्या राहतात. वॅगन आर १६२०, एर्टिगा १७३५, बोलेरो १७४५. वॅगन आर तुमच्या जागेत सुखाने बसेल, पण तिच्यात पाय ताणून झोपायचं म्हणजे पुढच्या सीटशी रोज भांडण. एर्टिगात झोपता येतं, उतरताना मात्र अंग चोरावं लागेल. जुनी ओम्नी मिळाली तर ती सगळ्यांत अरुंद, १४१० मिलिमीटर. पण तिचं उत्पादन २०१९ ला थांबलं, आता मिळेल ती वय झालेलीच. मोह झाला तरी नको.

कंपनीच्या कागदावर जी रुंदी छापतात तिच्यात बाहेरचे आरसे धरत नाहीत, हे शोरूममधला मुलगा आपणहून सांगणार नाही. आरसे उघडे असताना गाडी वीतभर तरी आणखी रुंद होते. जागेत उभी असताना आरसे मिटता येतात, ठीक. पण फाटकातून आत येताना ते उघडेच हवेत, कारण नेमकं तेव्हाच ते लागतात. म्हणून फाटक मोजशील तेव्हा दोन खांबांमधलं अंतर नको. फाटकाची दोन्ही पानं उघडी ठेव आणि त्यांच्या मधली मोकळी वाट मोज. तुमच्याकडचं एक पान कधीच पूर्ण उघडत नाही, मागे कुणाची तरी सायकल असते. तेही धर.

आणि इंचांपेक्षा दार महत्त्वाचं गं. बायकांना हे चटकन कळतं, कारण पोर कडेवर, पिशवी हातात घेऊन उतरायचं आपल्याला असतं. इकोची मागची दोन्ही दारं सरकती आहेत. शेजारी कुणी कितीही चिकटून गाडी लावू दे, दार मागे सरकवायचं आणि आत शिरायचं. (ओम्नीच्या याच दारामुळे हिंदी सिनेमातल्या सगळ्या अपहरणकर्त्यांना ती गाडी आवडायची, असं तुझे भावोजी म्हणतात. त्या लोकांनाही पार्किंगचीच अडचण असावी.) पुढची दोन दारं मात्र नेहमीसारखी बाहेर उघडतात, तेव्हा खरा हिशेब ड्रायव्हरच्या दाराचा करायचा.

तो असा कर. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. नाक आत घालून गाडी लावताना खांब उजव्या हाताला येत असेल, तर गाडी रिव्हर्समध्ये लावा, तोच खांब डावीकडे जातो. खांब डावीकडेच असेल तर सरळ आत घाला. खांब दाराच्या बिजागरीपाशी आला तर फारसं बिघडत नाही, उघडणाऱ्या कडेपाशी आला की दार अर्धंच उघडतं. रिव्हर्स लावली की डिकी भिंतीकडे जाते आणि इकोची डिकी वर उघडते, म्हणजे मागे मोकळी जागा हवी. ती नसेल तर सामान सरकत्या दारातून भरायचं. आमच्या इकोत आम्ही तसंच भरतो.

मोजून झालं की खडू घे आणि तुमच्या जागेत फरशीवर गाडीचा चौकोन काढ. आरशांसाठी दोन्ही बाजूंना कान काढ. मग त्या चौकोनाच्या कडेने चालून बघ, सासूबाईंनाही चालायला सांग. पोरीला हे काम दिलंस तर दहा मिनिटांत होईल, वर एक मांजरही काढून ठेवेल. कागदावर जे पटत नाही ते जमिनीवर लगेच पटतं. तुमच्या शेजारच्या जागेवाल्या काकांनाही ते दिसू दे, आधी दिसलेलं बरं असतं.

रुंदी झाली की वळण. तुमच्या गल्लीतून आत येताना काटकोनात वळावं लागतं, समोर भाजीची हातगाडी आणि रिक्षा. लांब गाडीला तिथे दोनदा मागे-पुढे करावं लागणार, आणि मागून केव्हज रोडचं ट्रॅफिक भोंगे वाजवणार. इकोची वळण-त्रिज्या साडेचार मीटर, क्रिस्टाची त्याहून जवळजवळ मीटरभर जास्त. फरक ऐकताना किरकोळ वाटतो. संध्याकाळी सातला, क्लासवरून पोरं सुटलेली असताना, तो कळतो.

उंचीचं लोक विसरतातच. स्टिल्टचं छत मोजून चालत नाही, छताखालून गेलेले ड्रेनेजचे पाइप आणि बीम मोजायचे. सगळ्यांत खाली लोंबणारा जो पाइप असेल तीच तुमची उंची. इको १८२५ मिलिमीटर, तिच्यावर कॅरिअर चढवलं, त्यावर पाण्याचे कॅन किंवा छपरावरचा तंबू ठेवला की ती सहज दोन मीटरच्या वर जाते. कॅरिअर घ्यायचंच असेल तर काढता-घालता येणारं घ्या.

याच्याच पोटात अजून एक प्रश्न आहे. तुमची बिल्डिंग आज ना उद्या रीडेव्हलपमेंटला जाणार. पूनमनगरच्या पीएमजीपी वसाहतीपासून आपल्या गल्लीपर्यंत दुसरा विषय तरी आहे का? नव्या टॉवरमध्ये मिळतं ते यांत्रिक पार्किंग, एका गाडीच्या डोक्यावर दुसरी. त्या प्रत्येक पाळण्यावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, आणि बरेच पाळणे सेडान डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. करारावर सह्या करायची वेळ येईल तेव्हा फ्लॅटच्या कार्पेट एरियाइतकंच तुमच्या पाळण्याच्या उंचीबद्दल भांड. दोन मीटरची गाडी आणि दीड मीटरचा पाळणा असं झालं, तर गाडी विकण्यावाचून मार्ग नसतो.

आणि वजन! तुमच्या कंपाउंडमध्ये लाल झाकणं दिसतात ती काय आहेत, ठाऊक आहे ना? खाली पाण्याची टाकी आहे. त्या टाकीच्या स्लॅबवर रोज रात्री किती वजन उभं राहतं याचा विचार कुणी करत नाही. इको टनभराच्या आसपास भरते, ट्रॅव्हलरवर बांधलेली कारवान दोन टनांच्या वर जाते, त्यात ओटा आणि पाण्याची टाकी धर. ड्रेनेजच्या चेंबरवरचं झाकण तर त्याहून कच्चं. जागा निवडायची संधी मिळाली तर झाकणांपासून लांबची माग. आणि मे महिन्यात टँकर येतो तो कुठून आत शिरतो, कुठे वळतो, तेही बघ. आपल्या भागात वादाचा खरा मुद्दा शेजाऱ्याची गाडी नसते. टँकर अडला की अख्खी बिल्डिंग तुमच्या दारात उभी राहते, तीही बादल्या घेऊन.

सोसायटीचं सांगते, कारण इथे जावईबापू "आपण जागा विकत घेतली आहे" म्हणून छाती काढतील. त्यांना दहिसरच्या पांचाली सोसायटीचा खटला वाचायला सांग. ३१ ऑगस्ट २०१० ला सुप्रीम कोर्टाने नहालचंद लालूचंद या बिल्डरच्या विरोधात निकाल दिला की स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, ती सोसायटीच्या सामाईक भागात येते. म्हणजे वाटप कमिटीच्या हातात. आदर्श उपविधींप्रमाणे जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटायच्या, आणि एका घराला दुसरी जागा तेव्हाच, जेव्हा इतरांचं भागून उरेल. तुमच्याकडे आधीच एक ऑल्टो आहे. ती ठेवून वर कारवान, हे जमायचं नाही. ऑल्टो जाईल आणि तिच्या जागी जी येईल तिला रोजची गाडीही व्हावं लागेल, सासूबाईंना ट्रॉमा हॉस्पिटलला नेण्यापासून तांदळाच्या गोणीपर्यंत. म्हणून तर मी इकोवर अडून बसले आहे. ओटा आणि फ्रिज कायमचे ठोकलेली गाडी मंगळवारी काय कामाची?

मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी जाहीर केलं की पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल तर नवीन गाडीची नोंदणी होऊ नये असं धोरण येतं आहे. पेपरात वाचून आपल्याकडे लोक हसले. जपानमध्ये १९६२ पासून हेच चालतं. तिथे लोकांनी मग काय केलं? छोट्या गाड्या घेतल्या. त्यांच्याकडे के-कार नावाचा एक वर्गच आहे: १.४८ मीटरपेक्षा रुंद नाही, ३.४ मीटरपेक्षा लांब नाही, इंजिन ६६० सीसी.  तसल्या डब्यांमध्ये लोक फळ्या टाकून झोपतात, सेवानिवृत्त जोडपी देश फिरतात. आपली ओम्नी आणि इको त्याच सुझुकीच्या घराण्यातल्या. इको लांबीला त्या मापाबाहेर गेली, रुंदी मात्र अजून त्यातच बसते. युरोपातले लोक गाडीमागे ओढायची कारवान घेतात, आणि त्यांच्यात अरुंद म्हणून वाखाणली जाणारी जर्मनीची एरिबा टूरिंगसुद्धा दोन मीटर रुंद. छप्पर वर-खाली होतं म्हणून उंचीला तेवढी ती कमी. आपल्याकडे ओढायच्या कारवानचा विचारच नको. एक जागा कारवानला, एक तिला ओढणाऱ्या गाडीला, आणि नटवरनगरात ट्रेलर रिव्हर्स घेणारा माणूस मला तरी अजून भेटायचा आहे.

आता कायद्याचं, थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात लिहिलेल्या गोष्टी परवानगीशिवाय बदलायच्या नाहीत, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. म्हणजे सीटा कायमच्या काढून पलंग वेल्ड करणं, छप्पर कापून उंच करणं, हे कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये करायचं काम नाही, तो कितीही "हो जाएगा मॅडम" म्हणू दे. अपघात झाला की विमा कंपनी आधी हेच बघते. आमच्या गाडीत जे आहे ते सगळं सामान आहे, उचलून बाहेर काढता येणारं. सुताराकडून प्लायवूडची तीन घड्यांची फळी करून घेतली, पायांना बिजागऱ्या लावल्या. गादीवाल्याकडून फोम कापून आणला, त्याच्याही तीन घड्या. घरी आलो की फळी कपाटामागे उभी, फोम दिवाणाखाली. गाडी पुन्हा पाच माणसांची. काचांना काळी फिल्म अजिबात लावू नका, ती २०१२ पासून बंद आहे. पडदे मुक्कामी लावायचे, चालत्या गाडीत नाही.

आणि तुझ्याशी लपवाछपवी नाही. अरुंद गाडी घेतलीस की घराखाली जे वाचतं ते आत द्यावं लागतं. इको आतून चार फुटांच्या जवळपास रुंद. त्यात दोन मोठी माणसं आणि एक लहान पोर, तेही कुशीवर. कुणी कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. आम्ही तोडगा काढला आहे: मी आणि मुलं गाडीत, तुझे भावोजी बाहेर तंबूत. त्यांना ते आवडतं असं ते सांगतात. सासूबाई बरोबर असतील तर त्यांच्यासाठी खोलीच घ्यायची, त्यात काटकसर नको. शोरूममध्ये लाजू नकोस, मागची सीट दुमडायला लाव, चपला काढ आणि सरळ आडवी हो. जावईबापू उंच आहेत, त्यांनाही झोपव. सीएनजीवाली बघत असाल तर टाकी मागची किती जागा खाते ते तिथेच टेप लावून बघा.

गाडीचे दोषही ऐक. इंजिन पुढच्या सीटांखाली आहे, उन्हाळ्यात घाट चढताना बूड तापतं. नाक आखूड. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली इको आदळून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. आता एअरबॅगा आल्यात, नाक तेवढंच आहे. म्हणून आमच्याकडे नियम आहे की हायवेला ऐंशीच्या वर जायचं नाही आणि रात्रीचं चालवायचं नाही. जावईबापूंना वेगाची हौस असेल तर ही गाडी त्यांची नव्हे, हे आत्ताच बोलून घ्या.

बायकांची गोष्ट म्हणून वेगळं सांगते, कारण व्हिडिओ काढणारे बहुतेक पुरुष असतात. या गाडीत संडास बसत नाही. घडीचा मिळतो, पण चार फुटांत तो ठेवून झोपायचं म्हणजे नको वाटतं. "कुठेही थांबू, किनाऱ्यावर झोपू" हे ऐकायला बरं, पहाटे पाचला नाही. एमटीडीसीच्या रिसॉर्टला किंवा ओळखीच्या घरगुती मुक्कामाच्या आवारात गाडी लावायची. थोडे पैसे घेतात, न्हाणीघर वापरायला देतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कारवान पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कारवान पार्कची तरतूद आहे, तशी जागा वाटेत असेल तर उत्तम. स्वयंपाक गाडीच्या बाहेर, सरकतं दार उघडं ठेवून. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही म्हणजे नाही, धूर आत येतो आणि जाग येत नाही. दोन्ही काचा बोटभर खाली, त्यांना आतून मच्छरदाणीचं कापड. डिसेंबर-जानेवारीत स्वर्ग. मे महिन्यात कोकणात झोपलात तर माझं नाव घेऊ नका.

अरुंदपणाचा फायदा पार्किंगपुरता नाही, हे मात्र मला गाडी घेतल्यावर कळलं. आजोळी जाताना शेवटचा रस्ता आठवतो ना तुला, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे? मोठ्या गाड्या वर सड्यावर लावून लोक बॅगा डोक्यावर घेऊन उतरतात. आम्ही थेट मामाच्या अंगणात. समोरून एसटी आली की डावीकडे सरकायला जागा असते. आगरदांडा-दिघी किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीत चढवताना तो पोऱ्या हात हलवून कोपऱ्यात घालतो आणि आपली गाडी मुकाट्याने बसते. मांडव्याच्या रो-रोलाही तेच. उलट्या बाजूला केळवा, डहाणू म्हणशील तर हायवेवर जोगेश्वरीतून चढलं की सरळच आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने जायचं असेल तर मात्र पहाटेच निघा. मेट्रोच्या खांबांनी तिथे आधीच जागा कमी, त्यात शूटिंगची एखादी व्हॅनिटी व्हॅन आली की ती अख्खी लेन घेते. तीही कारवानच, फक्त तिच्या पार्किंगची काळजी निर्माता करतो.

जावईबापूंची हौस ओट्याचीच असेल, उभं राहता येईल अशीच गाडी हवी असेल, तर ती भाड्याने घ्या. वर्षातून एकदा, चार दिवस, ड्रायव्हरसकट. हौसही फिटेल आणि परत आल्यावर ती लावायची कुठे हा प्रश्न तिच्या मालकाचा. काही लोक मोठी कारवान विकत घेऊन कर्जतला, मुरबाडला कुणाच्या जागेत ठेवतात. शुक्रवारी संध्याकाळी इथून तिथवर पोहोचायचं, गाडी पुसायची, बॅटरी उतरलेली असेल तर मेकॅनिक शोधायचा. शनिवार दुपार होते. तुम्हाला सुट्टी असते दीड दिवसाची.

गाडी पांढऱ्या पाटीवर, खाजगी म्हणूनच नोंदवा. "अधूनमधून भाड्यानेही देऊ, हप्ता निघेल" असं कुणीतरी सुचवेलच. पिवळी पाटी लागली की कमिटीत पहिला आक्षेप येईल की हे व्यावसायिक वाहन, आणि शेजारच्या जागेवाले काका यासाठीच टपलेले आहेत. ऑल्टोच्या जागी इको येणार असं साधं पत्र आत्ताच देऊन ठेव, मापं लिहून, पोचपावती घेऊन. मासिक सभेत ते वाचलं जाऊ दे.

आणि टेपवर विश्वास नसेल तर या रविवारी आमचीच इको घेऊन येतो. तुमच्या खांबांमध्ये लावून बघू, सासूबाईंना आत बसवून उतरवून बघू. दोन ते चारमध्ये येतो, तेव्हा तुमचे सेक्रेटरी झोपलेले असतात. ऑल्टो तेवढी आधी बाहेर काढून ठेव.